‘पण पैसे बुडवले की त्यानं!’

17 वर्षांचा एक मुलगा वय लपवून सावकाराकडून 50 हजार रुपये घेतो, त्यातून नवा फोन घेतो, मित्रांना जेवण देतो आणि फेडायची वेळ आली की शाळा सोडल्याचा दाखला पुढं करतो. मी तेव्हा अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालचा, होतो, करार मला लागू नाही, म्हणतो. लॉच्या प्रवेश परीक्षेच्या सरावाचा हा प्रश्न. त्याच्या वर तत्त्व छापलेलं : 18 वर्षं पूर्ण न झालेल्या व्यक्तीशी केलेला करार मुळातच रद्दबातल असतो. खाली चार पर्याय. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर ज्यांचं किराणा दुकान आहे त्यांची मुलगी, यंदा बारावी आर्ट्‌सला असलेली, माझ्यासमोर बसून हा प्रश्न सोडवत होती. तिनं तो दोनदा वाचला आणि ‘मुलानं फसवणूक केली असल्यामुळे त्यानं रक्कम परत केली पाहिजे’ या पर्यायाला ठसठशीत गोल केला. मी सांगितलं, उत्तर वरचं आहे. सावकाराला या करारावरून पैसे वसूल करता येणार नाहीत. तिनं पेन टेबलावर ठेवलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ‘पण पैसे बुडवले की त्यानं, काकू!’

त्या वाक्यानं पुढं कितीतरी दिवस माझी पाठ सोडली नाही.

उत्तर चुकलं, एवढंच असतं तर विसरून गेले असते. लॉच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणारी मुलं माझ्या वकिलीच्या ऑफिसात रविवारी येतात, चुका करतात, आम्ही त्या बघतो, पुढं जातो. पण ही चूक अज्ञानातून आलेली नव्हती. ही मुलगी त्या दुकानाच्या गल्ल्यामागं वाढली आहे. साखरेच्या पोत्यांचा, हिंगाचा आणि कपडे धुण्याच्या साबणाचा मिळून एक वास तिथं असतो, आणि त्या वासात खिळ्याला सुतळीनं अडकवलेल्या उधारीच्या वह्या. कोणाच्या नावापुढं लाल रेघ पडली आणि कोणाच्या नावापुढं वर्षानुवर्षं पडली नाही, हे तिनं लहानपणापासून पाहिलंय. दिवाळीच्या आधी तिची आई ती वही चाळत बसते, एकेका पानावर थांबते, आणि काही न बोलता पान उलटते, हेही. पैसे बुडवणं म्हणजे काय, हे त्या खोलीत तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं, मला तर नाहीच. आणि तिचं ते सगळं जाणणं परीक्षेच्या हिशेबात शून्य होतं. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या ‘क्लॅट’ या प्रवेश परीक्षेत तर शून्यापेक्षाही कमी : चुकीला उणे 0.25.

18 ऑगस्ट 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून आमच्या भागात वकिलीचं वारं आहे. सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी ज्यासाठी इतकी वर्षं आंदोलनं केली ते उच्च न्यायालय सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या इमारतीत येऊन बसलं, आणि तिथून जाता-येता काळे कोट बघणाऱ्या मुलामुलींना पहिल्यांदाच वाटलं, की हे आपल्या पायरीवरचं आहे. पूर्वी आम्ही वकील मुंबईला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीत फायली उशाशी घेऊन झोपायचो. या मुलांना ते कधी दिसणारच नव्हतं. एकेक करत चार-पाच पोरं माझ्याकडं यायला लागली. कोणी विद्यापीठात बीए करून तीन वर्षांच्या एलएलबीला जाणारं, कोणी बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या. आमच्या वेळी ही परीक्षाच नव्हती. राज्याची लॉ सीईटी 2016 ला आली. त्याआधी गुणपत्रिका घेऊन कॉलेजच्या खिडकीसमोर उभं राहायचं, यादीत नाव लागलं की फी भरायची. त्यामुळं या मुलांबरोबर मीही परीक्षा शिकले. तिचे पेपर रात्री जेवणं झाल्यावर सोडवून पाहिले, आणि सोडवताना माझ्या लक्षात आलं, की परीक्षेला ज्याची पारख करायची आहे ते मला माझ्या सीनिअर वकिलांनी शिकवलं होतं. फक्त त्यांनी दोन वर्षं घेतली होती आणि इथं दोन तास आहेत.

सीनिअरांकडं मी नवीन होते तेव्हा पक्षकार गेल्यावर ते मला हकीकत सांगायला लावायचे. मी सुरू करायचे, ‘त्या बिचाऱ्या म्हातारीला तिच्या लबाड पुतण्यानं’... ते हात वर करायचे. बिचारी कुठं लिहिलंय? लबाड कुठं लिहिलंय? पुन्हा सांग. मी पुन्हा सांगायचे, ‘72 वर्षांच्या बाईनं बक्षीसपत्रावर अंगठा केला. कागद पुतण्यानं आणला होता. वाचून दाखवल्याची नोंद नाही.’ विशेषणं गेली की हकीकत उघडी पडते आणि त्यात नेमका कायदा कुठं बोट ठेवणार ते दिसायला लागतं. प्रिन्सिपल-फॅक्टच्या, म्हणजे दिलेलं तत्त्व हकीकतीला लावायच्या, प्रश्नांसाठी मी मुलांना दुसरं काहीही शिकवण्याआधी हेच करून घेते. प्रश्नातली हकीकत पुस्तक मिटून सांगायची, एकही विशेषण न वापरता. मग तत्त्व तोडायचं : नियम काय, तो कोणाला लागू, कोणत्या अटीवर, आणि अपवाद दिला आहे का. त्या 17 वर्षांच्या मुलाच्या प्रश्नात तत्त्वाला अपवाद दिलेलाच नाही. वय लपवलं तर काय, यावर छापलेलं तत्त्व गप्प आहे, आणि ते गप्प आहे तिथं आपण बोलायचं नाही. दुकानदाराच्या मुलीनं हे ऐकून घेतलं. ‘अज्ञान’ हा शब्द तिला नवा नव्हता. आजोबा गेल्यावर त्यांच्या सातबाऱ्यावर धाकट्या चुलतभावाचं नाव चढलं तेव्हा पुढं ‘अ. पा. क.’ (अज्ञान पालनकर्ता) लागलेलं तिनं वाचलं होतं. नियम कळला होता. पटला नव्हता.

आणि पटण्याशी परीक्षेला कर्तव्य नाही, हे सांगताना माझाच आवाज जरा बारीक झाला होता.

क्लॅट 2020 पासून उताऱ्यांवर गेली. सुमारे 450 शब्दांचा उतारा, त्याखाली प्रश्नांचा घोस. 120 प्रश्न, 120 मिनिटं. कायद्याचं आधीचं ज्ञान असायला हवं असं नाही, तत्त्व उताऱ्यातच असतं. पण ते शोधायचं कसं? आमच्या मुलांची खरी अडचण इथं आहे, आणि तिच्याबद्दल क्लासवाले ‘रीडिंग स्पीड वाढवा’ एवढंच बोलतात. मराठी माध्यमातून आलेलं पोर इंग्रजी उतारा वाचताना ओळ वाचतं, मनात मराठी करतं, पुढची ओळ वाचतं, मागची विसरतं, परत मागं येतं. त्याला घड्याळ लावून पळवलं तर ते फक्त जास्त वेळा मागं येतं. म्हणून मी सुरुवातीचे महिनाभर घड्याळ काढूनच घेतलं. रोज एक इंग्रजी अग्रलेख, सावकाश. प्रत्येक परिच्छेद झाला की समासात मराठीत एक ओळ : हा माणूस इथं काय म्हणतोय. मराठीतच लिहायचं, कारण स्वतःच्या भाषेत लिहिताना पोकळ समजलेलं लगेच उघडं पडतं. मग त्याच विषयावरचा मराठी अग्रलेख वाचायचा. या दोघांचं कुठं जुळतं, कुठं फाटतं? जे मूल मराठीत युक्तिवाद ओळखतं ते इंग्रजीतही ओळखायला शिकतं. शब्दसंग्रह ही त्यानंतरची आणि बरीच सोपी गोष्ट आहे. शब्दांच्या यादीची पुस्तकं पाठ करणारी मुलं मी पाहिली आहेत. उताऱ्यात तोच शब्द दुसऱ्या अंगानं आला की ती बावरतात.

लॉजिकल रीझनिंगचाही अर्धा अभ्यास त्या अग्रलेखातच होतो. लेखकाचा निष्कर्ष कोणता, त्याखाली रेघ. तो कोणत्या कारणावर उभा, त्याखाली दुसरी रेघ. आणि मग मला सगळ्यात आवडणारा खेळ : यातलं कोणतं एक वाक्य खोडलं तर हा सगळा लेख कोसळेल? पुष्कळदा ते वाक्य लेखात नसतंच. लेखकानं ते गृहीत धरलेलं असतं. शहरात पार्किंगला पैसे लावले की गर्दी कमी होईल, असं कोणी लिहितो तेव्हा लोकांकडं दुसरी सोय आहे हे त्यानं न लिहिता मानलेलं असतं. आमच्यातल्या बीए झालेल्या मुलानं इथल्या गजबजलेल्या महाद्वार रोडचं उदाहरण घेऊन यावर इतकं सुंदर विवेचन केलं, की त्या रविवारी आम्ही पेपर सोडवलाच नाही. त्याचं मला काही वाईट वाटलं नाही.

राज्याच्या सीईटीचा स्वभाव वेगळा. ती संगणकावर असते, प्रश्न छोटे, थेट, आणि इंग्रजीचा भाग सोडून पेपर मराठीतही मिळतो. 150 प्रश्न होते, आता 120 आहेत. चुकीला गुणकपात नाही. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला कायदा आणि तर्क यांचे प्रश्न सगळ्यांत जास्त, शिवाय थोडं गणित. तीन वर्षांच्या पेपरात गणित नाही, पण 120 पैकी 40 प्रश्न एकट्या इंग्रजीचे. हे वजन बघून वेळ वाटायला हवा, आणि बहुतेक मुलं तो आवडीप्रमाणं वाटतात. मराठी पर्याय घेणाऱ्यांना मी एक सांगते : कायद्याचे मराठी शब्द परीक्षेच्या खोलीत पहिल्यांदा भेटू देऊ नका. प्रतिफल, अपकृत्य, दायित्व हे शब्द रोजच्या मराठीत त्या अर्थानं येत नाहीत. मूळ कायद्याचं मराठी भाषांतर घेऊन आधीच त्यांची ओळख करून घ्यावी, शेजारी इंग्रजी ठेवून.

गुणकपातीवरून एकदा खूप वाद झाला. क्लॅटमध्ये येत नसेल तो प्रश्न सोडावा की मारावा? दुकानदाराच्या मुलीनं पेपराच्या मागं हिशेब मांडला. चार प्रश्न डोळे झाकून मारले तर सरासरी एक बरोबर, तीन चूक : एक वजा पाऊण, हाती पाव गुण. एक पर्याय नक्की चूक आहे हे कळलं तर तीन प्रश्नांत एक बरोबर, दोन चूक : हाती अर्धा. ‘म्हणजे मारलेलं बरंच की!’ गणित अगदी बिनचूक होतं, आणि गणिताच्या भागात पेपरला लागतं ते एवढंच, दहावीपर्यंतचे टक्के, गुणोत्तर, सरासरी. ज्यानं गल्ल्यावर सूट आणि नफा तोंडी काढलाय त्यानं या भागाला घाबरायचं कारण नाही. पण मी तिला तिच्याच मागच्या तीन मॉकचे, म्हणजे सराव परीक्षांचे, पेपर काढायला लावले, आणि जिथं अंदाज घेतला होता तिथं काय झालं ते मोजायला लावलं. चारात एकापेक्षाही कमी बरोबर. कारण पेपर काढणारा पर्याय डोळे झाकून लिहीत नाही. घाईत वाचणाऱ्याला जे खरं वाटेल नेमकं ते वाक्य तो एका पर्यायात ठेवतो. त्यामुळं अंदाज मारावा की नाही हे दुसऱ्याच्या सल्ल्यावर ठरत नाही, आपल्या स्वतःच्या अंदाजांच्या नोंदीवर ठरतं. सीईटीत मात्र प्रश्न कोरा सोडणं म्हणजे नुकसानच. दोन्ही परीक्षा देणाऱ्यांना ही सवय बदलायला जड जातं, म्हणून आम्ही दोन्हींचे मॉक एका आठवड्यात घेत नाही.

चुकांची वही हा माझा हट्टाचा विषय. मुलं चुकलेल्या प्रश्नापुढं ‘सिली मिस्टेक’ लिहितात आणि मोकळी होतात. माझ्याकडं ते चालत नाही. चूक पूर्ण वाक्यात लिहायची : ‘प्रश्नात कोणतं विधान अयोग्य असं विचारलं होतं, मी योग्य शोधलं.’ ‘उताऱ्यात नव्हतं पण मला बातमीतून माहीत होतं, म्हणून मी ते खरं धरलं.’ ‘आधी बरोबर उत्तर केलं होतं, शेवटच्या पाच मिनिटांत बदललं.’ महिनाभरानं वही उलगडली की दिसतं, प्रत्येकाची चूक बहुधा दोन-तीन जातींचीच असते आणि ती विषय बदलला तरी तीच राहते. जो मुलगा कायद्यात अपवाद वाचत नाही तोच गणितात ‘पूर्वीच्या किमतीवर’ हे शब्द वाचत नाही. दोन तासांचा मॉक आणि त्यावर चार तास बसणं, हे प्रमाण मला योग्य वाटतं. रोज एक मॉक देणारी आणि गुण बघून फाइल बंद करणारी मुलं दमतात. सुधारत नाहीत.

आणि मॉक द्यायचा तर दुपारी दोन ते चार. क्लॅट गेली काही वर्षं डिसेंबरच्या पहिल्या रविवारी याच वेळात होते. सकाळी सहाला उठून ताज्या डोक्यानं दिलेला मॉक त्या वेळेचं काहीच सांगत नाही. आमच्याकडं रविवारी तांबडा-पांढरा झाल्यावर अडीच वाजता जे डोळे जडावतात ते घेऊनच उतारा वाचायची सवय हवी, किंवा त्या दिवशी काय जेवायचं हे आधीच शोधलेलं हवं. मुलं हसतात, पण दोन रविवारनंतर ज्वारीची भाकरी आणि आमटीवर येतात. पेपर कागदावर, उत्तरपत्रिकेतले गोल बॉलपेननं. शेवटी एकदम भरू म्हटलं आणि एक ओळ सरकली तर खोडता येत नाही. पान संपलं की गोल. माझ्या मते चालू घडामोडी आधी घ्याव्यात. तिथं येतं किंवा येत नाही, रेंगाळायला जागा नसते, आणि वाचलेली मिनिटं कायद्याच्या उताऱ्यांना मिळतात. पण ज्याला सुरुवातीलाच चार प्रश्न न आल्यावर धडकी भरते त्यानं इंग्रजीनं सुरू करावं. हे प्रत्येकानं स्वतःच्या छातीवर हात ठेवून ठरवायचं.

चालू घडामोडींवर जास्त लिहिण्यासारखं नाही. मासिकं पाठ करण्यापेक्षा एकेका निकालाशी ओळख करून घ्यावी : कोण विरुद्ध कोण, कोणतं कलम, किती न्यायमूर्ती, काय ठरलं, आणि आधी काय होतं. घटनेच्या मूलभूत चौकटीचा केशवानंद भारती खटला म्हटलं की 24 एप्रिल 1973, 13 न्यायमूर्ती, सातास सहा. खासगीपणाचा निकाल 2017 चा, 9 न्यायमूर्ती, एकमत. निवडणूक रोख्यांचा फेब्रुवारी 2024 चा, 5 न्यायमूर्ती. अशी दहा-पंधरा माणसं जवळची झाली की नवीन बातमी त्यांच्या शेजारी जाऊन बसते. आणि जुनी गाइडं घेताना वर्ष बघा. 1 जुलै 2024 पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. खुनाची शिक्षा कलम 302 ला शोधणाऱ्याला ती आता 103 ला सापडते, आणि पोरांच्या तोंडात बसलेलं फसवणुकीचं 420 हे 318 मध्ये गेलंय. चुलत्याच्या कपाटातलं पुस्तक प्रेमानं दिलेलं असतं, पण या एका विषयात ते घात करतं.

पैशाचं बोलायला हवं. क्लॅटचा अर्जच खुल्या प्रवर्गाला 4000 रुपयांचा. क्लासची फी त्याच्या कितीतरी पट, शिवाय पुण्यात राहायचा खर्च. परीक्षा 2008 पासून इंग्रजीतच. इतर भारतीय भाषांतही ती घ्यावी म्हणून 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, आणि ती मागणी मला मनापासून न्याय्य वाटते. तालुक्याच्या कोर्टात साक्ष मराठीत होते, पंचनामा मराठीत असतो, बाई रडते ती मराठीत. ते ओघळणारं सगळं नीट ऐकू येणारा वकील घडवायचा तर दारातच इंग्रजीची चाळण का? प्राध्यापक शमनाद बशीर यांनी 2010 मध्ये ‘आयडिया’ हा उपक्रम सुरू केला तो याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवून. वंचित घरांतल्या, खेड्यांतल्या, अपंग मुलामुलींना शोधून त्यांना या परीक्षेसाठी शिकवायचं आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठांपर्यंत न्यायचं. 2019 मध्ये ते फार लवकर गेले, काम चालू आहे. क्लॅटचे मागचे पेपर उत्तरांसह परीक्षा घेणाऱ्या संघाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, आणि मला खात्री आहे की ते पेपर, एक वर्तमानपत्र आणि चुकांची वही एवढ्यावर चांगली तयारी होते. एक गोष्ट मात्र विकत मिळत नाही आणि एकट्यानं होत नाही : आपलं उत्तर कोणाला तरी मोठ्यानं समजावून सांगणं. म्हणून रविवारची ती चार टाळकी एकत्र बसतात.

मधल्या काळात दुकानदाराच्या मुलीचे प्रिन्सिपल-फॅक्ट सुधारले. विशेषणं गेली. एका रविवारी तसाच एक प्रश्न आला, अज्ञान मुलगा, खोटं वय, यावेळी गाडी. तिनं क्षणभरात बरोबर पर्याय केला आणि पुढच्या प्रश्नावर गेली. कान लाल झाले नाहीत. मला आनंद झाला, आणि त्याच्या खालोखाल काहीतरी टोचलं. ही परीक्षा तिच्यातलं नेमकं तेच घासून काढत असेल तर? ज्या रागापायी माणूस वकील व्हायला निघतो तो राग गोल भरता भरता विझला, तर राष्ट्रीय विधी विद्यापीठात पोचलेली ती मुलगी कोण असेल?

मग मी तिला ते सांगितलं जे पहिल्याच दिवशी सांगायचं मी मुद्दाम टाळलं होतं, कारण नियम हाती बसण्याआधी अपवाद कळला की गोंधळ होतो. 1903 चा मोहोरी बिबी खटला. कलकत्त्याच्या धर्मोदास घोषनं अज्ञान असताना सावकाराला मालमत्ता गहाण दिली, आणि प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे त्या काळच्या सर्वोच्च अपील न्यायालयानं, तो व्यवहार मुळातच रद्दबातल ठरवला. पण त्या खटल्यात मुलगा अज्ञान असल्याचं सावकाराच्या माणसाला आधीच कळवलेलं होतं. सावकार काही भाबडा नव्हता. प्रश्नपत्रिकेत ही बाजू येत नाही. आणि पुढं, 1963 च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमात (स्पेसिफिक रिलीफ ॲक्टमध्ये) कलम 33 आलं : मी अज्ञान होतो म्हणून करार लागू नाही, असं म्हणणाऱ्या प्रतिवादीला किंवा त्याच्या संपत्तीला त्या व्यवहारातून जेवढा लाभ झाला असेल तेवढा परत करायला न्यायालय सांगू शकतं. करार उभा राहत नाही, पण लाभ गिळून बसता येत नाही. मी कायद्याचा मूळ मजकूर म्हणजे बेअर अ‍ॅक्ट तिच्यासमोर ठेवला. तिनं बोट ठेवून कलम वाचलं, परत वाचलं, आणि म्हणाली, ‘म्हणजे मला जे वाटलं ते होतं कायद्यात.’ होतं. फक्त त्या दिवशीच्या तत्त्वात नव्हतं.

तेव्हापासून चुकांच्या वहीत आम्ही शेवटची काही पानं वेगळी ठेवली आहेत. उत्तर बरोबर आलं, पण पटलं नाही, असे प्रश्न तिथं लिहायचे. परीक्षेच्या दोन तासांत तिकडं बघायचं नाही. रविवारी पेपर झाल्यावर त्यातला एक काढायचा आणि खरा कायदा काय म्हणतो ते शोधायचं. याला गुण नाहीत. तरी मुलं याच्यासाठी थांबतात, अंधार पडला तरी. बीएवाल्या मुलाच्या पानावर भाडेकरूंचे प्रश्न आहेत, एकीच्या पानावर सगळे वारसाहक्काचे, आणि कोणाच्या पानावर काय आहे त्यावरून मला त्यांची घरं दिसतात. मी ती पानं तपासत नाही.

परवा दुकानात सामान आणायला गेले तर मुलीच्या आईनं, वहिनींनी, तूरडाळ मोजता मोजता विचारलं, ‘वकीलबाई, एवढं करून नाही लागला नंबर तर?’ मी त्यांना खोटा धीर देणार नव्हते. क्लॅट डिसेंबरात, बारावी फेब्रुवारीत, सीईटी उन्हाळ्यात. एक दार बंद झालं तर दुसरं त्याच वर्षी आहे. सीईटीवर पुण्या-मुंबईची जुनी नामवंत कॉलेजं आहेत, आणि इथं शहाजी लॉ कॉलेज आहे, घरी राहून करता येईल असं. तेही नाही झालं तर पदवीनंतर तीन वर्षांची एलएलबी. वर्ष फुकट जाणार नाही, नीट वाचायला शिकलेलं पोर कुठंही वाचतं. त्यांनी मान हलवली, पण त्यांची खरी काळजी वेगळीच निघाली. दिवाळीच्या गर्दीत पोरगी गल्ल्यावर लागते. तिच्या वडिलांना, भाऊंना, एकट्यानं झेपत नाही, नोकर ठेवायची ऐपत नाही, आणि दिवाळीनंतर परीक्षेला फार दिवस उरत नाहीत. मी काही बोलायच्या आत भाऊ आतून पोतं ओढत बाहेर आले आणि म्हणाले, सकाळचं तिनं बघावं, दीडला वर तुमच्याकडं पाठवतो, चारपर्यंत पेपर करू दे. खरी गर्दी सहानंतरच होते, तेव्हा ती खाली आली म्हणजे झालं. मुलगी काट्यामागून म्हणाली, पेपर चारला संपतो, तपासायला आठ वाजतात. भाऊंनी पोतं भिंतीला टेकवलं, घड्याळाकडं बघितलं आणि धाकट्याला हाक मारली, की यंदा संध्याकाळी वजनकाट्यावर तू बसायचं.